सुटका कशाची मोजायची?

"किती दिवस घ्यावं लागेल हे इंजेक्शन?" टाइप 1 मधुमेहाचं निदान झालेल्या मुलाचे आईवडील डॉक्टरांना हे विचारतात आणि "कायम" हे उत्तर घेऊन घरी येतात. पुढे आजी विचारते, मामा विचारतो, शेजारच्या काकू विचारतात. मुलीच्या लग्नाची बोलणी निघाली की समोरची माणसंही विचारतात: इन्सुलिन सुटलं का? प्रश्न मायेतून येतो, काळजीतून येतो, त्यामुळे त्याला कुणी हरकत घेत नाही. मला मात्र घ्यायची आहे. उपचाराचं यश याच एका प्रश्नाने मोजण्याची सवय लागली, आणि तिने रुग्णांचं नुकसान केलं, चांगल्या विज्ञानाचंही केलं. स्वादुपिंडातल्या आयलेट पेशींच्या प्रत्यारोपणाची गोष्ट हे त्याचं सगळ्यात स्पष्ट उदाहरण आहे.

आधी रुग्णांचं नुकसान. टाइप 1 मधुमेहात शरीराची प्रतिकारयंत्रणा स्वतःच्याच इन्सुलिन बनवणाऱ्या बीटा पेशी मारून टाकते. आहार, योग, चालणं, काढे यांपैकी कशानेही त्या परत येत नाहीत. जानेवारी 1922 मध्ये टोरांटोच्या रुग्णालयात लेनर्ड थॉम्पसन या चौदा वर्षांच्या मुलाला पहिल्यांदा इन्सुलिन टोचलं गेलं, त्याआधी हा आजार झालेलं मूल थोड्याच काळात जायचं. आज आपल्याकडे कुणी बाबा, कुणी वैद्य, कुणी यूट्यूबवरचा सल्लागार "इन्सुलिन बंद करून दाखवतो" म्हणतो, तेव्हा तो नकळत त्या मुलाला 1922 च्या आधी नेऊन ठेवतो. थोड्याच दिवसांत उलट्या सुरू होतात, श्वास खोल आणि जलद चालतो, तोंडाला आंबूस-गोड वास येतो आणि मूल कीटोॲसिडोसिसमध्ये अतिदक्षता विभागात पोचतं, पोचलं तर. इन्सुलिन सुटणं हीच सुटका असं घरादाराच्या मनात बसलेलं असतं, म्हणूनच हा व्यापार चालतो.

आता या आजाराचं खरं ओझं कुठे असतं ते पाहू. निरोगी माणसाच्या स्वादुपिंडात साधारण दहा लाख आयलेट, म्हणजे या बीटा पेशी असलेले पेशींचे पुंजके, असतात. 1869 मध्ये पाउल लँगरहॅन्स या जर्मन विद्यार्थ्याने सूक्ष्मदर्शकाखाली त्यांचं पहिलं वर्णन केलं. सगळे मिळून त्यांचं वजन एखाद-दोन ग्रॅम भरेल. पण हे ठिपके क्षणाक्षणाला रक्तातली साखर जोखतात आणि तेवढंच इन्सुलिन सोडतात. साखर उतरायला लागली की हात आखडता घेतात आणि त्यांतल्याच अल्फा पेशी ग्लुकागॉन सोडून साखर वर आणतात. टोचलेल्या इन्सुलिनला हे कळत नाही. एकदा त्वचेखाली गेलं की ते आपलं काम करत राहतं, मग मूल जेवलेलं असो की खेळता खेळता जेवायचं विसरलेलं असो.

1983 ते 1993 या काळात अमेरिका आणि कॅनडात 1,441 रुग्णांवर डीसीसीटी नावाचा मोठा अभ्यास झाला. साखर कडक ताब्यात ठेवली तर डोळे, मूत्रपिंड आणि नसा वाचतात हे त्यातून सिद्ध झालं. डोळ्यांच्या पडद्याचा विकार उद्भवण्याची शक्यता 76 टक्क्यांनी घटली. त्याच अभ्यासात दुसरा आकडाही होता: कडक उपचार घेणाऱ्यांमध्ये साखर धोकादायकरीत्या कोसळण्याचे प्रसंग तिपटीने वाढले. डोळे वाचवायचे तर रात्री जागवायच्या, असा तो सौदा होता.

माझ्या परिचयातल्या एका घरात मुलगी दहावीला होती तेव्हा आई मध्यरात्रीनंतरचा गजर लावून झोपायची. उठून आधी मुलीच्या कपाळाला आणि मानेला हात लावायचा, घाम आहे का बघायचं. मग बोटाला टोचून पट्टीवर थेंब. मीटरवर आकडा पन्नासच्या आसपास दिसला की ग्लुकोज पावडर पाण्यात कालवायची, पोरीला भिंतीला टेकवून बसतं करायचं आणि घोटाघोटाने पाजायचं. पंधरा मिनिटांनी पुन्हा टोचायचं. सकाळी मुलगी विचारायची, "आई, रात्री काही झालं का गं?" तिला काही आठवत नसे. अनेक वर्षं आजार काढलेल्या काही रुग्णांत शरीराची धोक्याची घंटाही बंद पडते. हात थरथरत नाहीत, घाम येत नाही, धडधड होत नाही. शुगर लो झाल्याचं कळतं ते थेट शुद्ध हरपल्यावर. अशा माणसाला गाडी चालवता येत नाही, एकट्याने राहता येत नाही, त्याच्या बायकोला माहेरी चार दिवस निर्धास्त जाता येत नाही. त्याला विचारा, काय सुटायला हवंय? दिवसातून चार वेळा टोचणारी सुई त्याच्या यादीत बरीच खाली असते.

आयलेट प्रत्यारोपण मुळात या माणसासाठी आहे.

कल्पना जुनी आहे, इन्सुलिनहूनही जुनी. 1893 मध्ये ब्रिस्टलमध्ये वॉटसन-विल्यम्स या डॉक्टरांनी मरणाच्या दारातल्या पंधरा वर्षांच्या मुलाच्या त्वचेखाली मेंढीच्या स्वादुपिंडाचे तुकडे बसवले होते. मुलगा तीन दिवसांत गेला. पुढे संपूर्ण स्वादुपिंड बसवण्याची शस्त्रक्रिया 1966 मध्ये मिनेसोटात सुरू झाली. पण ती मोठी आणि जोखमीची होती, कारण स्वादुपिंडाचा नव्वद टक्क्यांहून अधिक भाग पाचकरस बनवतो आणि तो रस गळला तर पोटातलंच मांस पचवतो. हवे असतात फक्त ते एक-दोन ग्रॅम. ते उरलेल्या मांसातून वेगळे कसे काढायचे हा खरा प्रश्न होता. सेंट लुईसच्या वॉशिंग्टन विद्यापीठात पॉल लेसी यांनी 1967 मध्ये कोलॅजिनेज या विकराने उंदरांचे आयलेट सुटे केले, आणि 1972 मध्ये बॅलिंजर यांच्यासोबत ते बसवून उंदरांचा मधुमेह उलटवला. माणसाच्या चिवट स्वादुपिंडाला मात्र ती रीत पुरेना. ती अडचण 1988 मध्ये कामिलो रिकॉर्डी यांनी सोडवली.

आयलेट सुटे करून बसवण्याची ही प्रक्रिया जवळून समजून घेण्यासारखी आहे. मेंदूमृत दात्याचं स्वादुपिंड बर्फात ठेवून प्रयोगशाळेत येतं. वेळ मोजून असतो, कारण काही तासांत पेशी मरू लागतात. स्वादुपिंडाच्या मुख्य नलिकेतून विकराचं द्रावण भरलं जातं आणि ते फुगतं. मग तुकडे करून ते रिकॉर्डी चेंबर नावाच्या धातूच्या भांड्यात टाकतात. भांड्यात गोळ्या असतात आणि वर जाळी. कोमट द्रावण फिरत राहतं, भांडं हलवत राहतात, मांस हळूहळू सुटत जातं. दर थोड्या वेळाने एक थेंब काढून त्यावर डायथायझोन टाकायचं. इन्सुलिनसोबत साठलेल्या जस्तामुळे आयलेट लाल होतात आणि बाकीचं मांस फिकट राहतं. लाल ठिपके मोकळे दिसू लागले की लगेच थांबवावं लागतं. दोन मिनिटं लवकर थांबलात तर आयलेट मांसात अडकलेले राहतात, उशीर केलात तर विकर त्यांनाच खातं. हा निर्णय अजूनही सूक्ष्मदर्शकावर वाकलेल्या माणसाच्या नजरेवर असतो. त्यानंतर अपकेंद्री यंत्रात घनतेनुसार वेगळं करायचं, मोजायचं, तपासायचं. इतकी मेहनत केल्यावर एका पिशवीत काही मिलिलिटर गाळ मावतो. रुग्णाला भूल देऊन पोट उघडावं लागत नाही. बरगडीखालून एक बारीक नळी यकृताकडे जाणाऱ्या पोर्टल शिरेत घालतात, पिशवी वर टांगतात आणि आयलेट सलाईनसारखे उतरतात. यकृतात पोचताच रक्ताशी गाठ पडून त्यांतले पुष्कळ पहिल्या काही तासांतच मरतात. म्हणूनच एका रुग्णाला अनेकदा दोन दात्यांचे आयलेट लागतात.

जुलै 2000 मध्ये कॅनडातल्या एडमंटनच्या अल्बर्टा विद्यापीठातून जेम्स शॅपिरो आणि सहकाऱ्यांचा अहवाल आला. सात रुग्ण, सातही जणांचं इन्सुलिन बंद. बीटा पेशींना घातक ठरणारी स्टेरॉइड्स टाळून त्यांनी औषधांची नवी जुळणी केली होती आणि आयलेट भरपूर दिले होते. जगभर बातम्या झाल्या आणि मधुमेह बरा झाला असं लोकांनी वाचलं. ते सात जण कोण होते, याकडे फार थोड्यांचं लक्ष गेलं. ते साखर वारंवार जीवघेणी कोसळणारे रुग्ण होते. त्यांना निवडलं होतं त्यासाठीच.

मग उतरती कळा लागली, किंवा तशी ती दिसली. 2005 मध्ये त्याच एडमंटन गटाने पाच वर्षांचा हिशेब मांडला: इन्सुलिनशिवाय राहिलेले सुमारे 10 टक्के. 2006 मध्ये नऊ केंद्रांतल्या 36 रुग्णांचा अभ्यास आला. वर्षाअखेर 44 टक्क्यांचं इन्सुलिन बंद होतं. लोकांचा उत्साह ओसरला आणि प्रयोग फसला असं म्हटलं जाऊ लागलं. पण 2005 च्या त्याच अहवालात दुसरा आकडा होता. पाच वर्षांनंतरही सुमारे 80 टक्के रुग्णांच्या रक्तात सी-पेप्टाइड सापडत होतं, म्हणजे बसवलेले आयलेट जिवंत होते, काम करत होते. ते सगळं काम पेलू शकत नव्हते, थोडं इन्सुलिन बाहेरून घ्यावं लागत होतं. तरी साखरेला खालून धरणारा हात परत आला होता. रात्री बेशुद्ध पडणं थांबलं होतं. ज्या त्रासासाठी या माणसांनी यकृतात सुई घालून घेतली होती, तो त्रास गेला होता, आणि आपण त्यांना अपयशी म्हणत होतो, कारण ते संध्याकाळी आठ युनिट घेत होते.

माझा मुद्दा हाच आहे. मोजपट्टी चुकीची होती, त्यामुळे 2000 साली आपण नको इतके हुरळलो आणि पाच वर्षांनी नको इतके निराश झालो. संशोधकांनी पुढे ती दुरुस्त केली. 2016 च्या अमेरिकी अभ्यासात 48 रुग्णांचं यश असं ठरवलं होतं: एचबीएवनसी (साखरेची तीनेक महिन्यांची सरासरी दाखवणारी चाचणी) 7 टक्क्यांच्या खाली हवी आणि साखर गंभीररीत्या कोसळता कामा नये. वर्षाअखेर 87.5 टक्के त्यात बसले. इन्सुलिन पूर्ण सुटलेले होते 52 टक्के. या दोन आकड्यांमधल्या अंतरात जी माणसं आहेत, ती इन्सुलिन टोचून घेतात आणि शांत झोपतात. त्यांना बरं झालेलं म्हणायला मला जराही अडचण वाटत नाही. ब्रिटनमध्ये 2008 पासून सरकारी आरोग्यसेवा हा उपचार देते, तीही याच निकषावर: साखर कोसळल्याचं कळेनासं झालेले रुग्ण, आणि ज्यांचं मूत्रपिंड प्रत्यारोपण आधीच झालं आहे असे. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने 28 जून 2023 रोजी लँटिड्रा या नावाने दात्याच्या आयलेटना परवानगी दिली, तीही वारंवार साखर कोसळणाऱ्या प्रौढांसाठी. (अमेरिकेने आयलेटना अवयव न मानता औषध मानलं, त्यामुळे तिथल्या विद्यापीठांची अडचण झाली. तोच अवयव अख्खा बसवला तर प्रत्यारोपण, त्यातल्या पेशी बसवल्या तर औषधनिर्मिती. या भेदात मला तरी रुग्णहित दिसत नाही.)

आता दुसरी बाजू, कारण ती हलकी नाही. परके आयलेट टिकवायचे तर प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं जन्मभर घ्यावी लागतात. त्यांतलं टॅक्रोलिमस मूत्रपिंडाला आणि खुद्द बीटा पेशींनाही त्रास देतं. जंतुसंसर्ग वाढतात, काही कर्करोगांची शक्यता वाढते. आपल्या देशात ही किंमत आणखी चढी आहे. जगातल्या क्षयरुग्णांपैकी चौथा हिस्सा भारतात आहे, आणि दडून बसलेला क्षय उठण्यासाठी प्रतिकारशक्ती दाबणं पुरेसं असतं. 2021 च्या उन्हाळ्यात महाराष्ट्राने काळी बुरशी पाहिली आहे. मधुमेह आणि स्टेरॉइड्स एकत्र आली की काय होतं ते डोळे आणि जबडे गमावलेल्या माणसांनी आपल्याला दाखवलं. म्हणून "सुई नको म्हणून प्रत्यारोपण करू" हे उत्तर मला वैद्यकीयदृष्ट्या चुकीचं आणि नैतिकदृष्ट्या बेजबाबदार वाटतं. दिवसातल्या चार इंजेक्शनांच्या बदल्यात जन्मभराची प्रतिकारशक्ती देणं हा तोट्याचा व्यवहार आहे. वारंवार बेशुद्ध पडणाऱ्यासाठी तोच व्यवहार फायद्याचा ठरू शकतो. एकच उपचार एकाला जीवदान आणि दुसऱ्याला अपाय ठरतो, आणि हा फरक "इन्सुलिन सुटलं का" या प्रश्नात दिसतच नाही.

काही डॉक्टर म्हणतात, आता सेन्सर आले, साखर पाहून आपोआप इन्सुलिन कमी-जास्त करणारे पंप आले, मग आयलेट हवेत कशाला? आक्षेप रास्त आहे. या यंत्रांनी बऱ्याच रुग्णांच्या रात्री खरोखर सोप्या केल्या, आणि यंत्राने भागत असेल तर कुणाचीही प्रतिकारशक्ती दाबू नये. तरी उत्तम यंत्र असूनही काहींची साखर कोसळतच राहते. आणि आपल्याकडे दर पंधरवड्याला सेन्सरवर काही हजार खर्च करू शकणारी घरं किती? विदर्भातल्या एखाद्या खेड्यात फ्रिज नसल्यामुळे इन्सुलिनची कुपी माठात जपली जाते. नागपूरच्या डॉ. शरद पेंडसे यांनी 1995 मध्ये सुरू केलेला ड्रीम ट्रस्ट अशा घरांतल्या मुलांपर्यंत इन्सुलिन पोचवत आला आहे. टाइप 1 झालेल्या मुलामुलींची भारतातली संख्या दोन लाखांवर आहे. यातल्या बहुतेकांची गरज आजही नियमित इन्सुलिन, पुरेशा पट्ट्या आणि शाळेत डबा खाण्याआधी टोचून घ्यायला निवांत कोपरा एवढीच आहे. त्यांच्या वाट्याचा पैसा काढून आयलेट केंद्र उभारा असं मी म्हणणार नाही.

मूळपेशींनी चित्र बदलत चाललं आहे. दात्यांची टंचाई त्या संपवू शकतील. जून 2025 मध्ये व्हर्टेक्स कंपनीच्या झिमिस्लेसेलचे निष्कर्ष आले. प्रयोगशाळेत मूळपेशींपासून वाढवलेले आयलेट पूर्ण मात्रेत दिलेल्या 12 जणांपैकी 10 जण वर्षाअखेर इन्सुलिनमुक्त होते. मथळे पुन्हा त्याच आकड्याचे झाले. मला जास्त महत्त्वाचं वाटलं ते हे की बाराही जणांची साखर गंभीररीत्या कोसळणं थांबलं. आणि त्या अभ्यासातला एक रुग्ण क्रिप्टोकोकस बुरशीच्या मेंदूज्वराने गेला, हेही त्याच पानावर मोठ्या अक्षरांत हवं होतं. पेशी नव्या आहेत, औषधांची किंमत मात्र जुनीच आहे. तीही उतरवण्याचे प्रयत्न चालू आहेत. चीनमध्ये तियानजिनला एका तरुणीला तिच्याच पेशींपासून बनवलेले आयलेट पोटाच्या स्नायूच्या आवरणाखाली बसवले आणि अडीच महिन्यांत तिचं इन्सुलिन थांबलं. पण यकृत प्रत्यारोपणामुळे ती आधीच प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं घेत होती, त्यामुळे तिच्यावरून सगळ्यांबद्दल निष्कर्ष काढता येत नाही. स्वीडनमध्ये उप्सालाच्या रुग्णालयात एका माणसाच्या हाताच्या स्नायूत जनुकं बदललेले आयलेट बसवले. प्रतिकारशक्ती दाबणारं कोणतंही औषध न देता ते जगले आणि इन्सुलिन बनवू लागले. मात्रा इतकी छोटी होती की त्याचं बाहेरचं इन्सुलिन चालूच राहिलं. जुन्या मोजपट्टीने हा प्रयोग शून्य ठरतो. माझ्या मते गेल्या पंचवीस वर्षांतला तो सगळ्यात आशादायक निकाल आहे.

या बातम्यांच्या आडून आपल्या शहरांत "स्टेम सेलने मधुमेह मुक्ती" विकणारे आहेत. आयसीएमआरच्या 2017 च्या मार्गदर्शक सूचनांनुसार रक्ताच्या काही ठरावीक आजारांपलीकडे मूळपेशींचा उपचार पैसे घेऊन करता येत नाही. क्लिनिकल चाचणीत रुग्णाकडून उपचाराची फी घेतली जात नाही. लाखांत आकडा सांगणाऱ्याच्या खुर्चीसमोरून उठायला एवढी माहिती पुरे.

मग महाराष्ट्राने काय करावं? ज्ञानाची वानवा नाही. पुण्याच्या राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्रात डॉ. रमेश भोंडे यांच्या प्रयोगशाळेने अनेक वर्षं आयलेटवर काम केलं. तिथे घडलेले आनंदवर्धन हार्डीकर ऑस्ट्रेलियात याच क्षेत्रात संशोधन करतात. कमतरता आहे ती प्रयोगशाळा, रुग्णालय आणि अवयवदान यांना जोडणाऱ्या साखळीची. देशात मेंदूमृत अवयवदाते दहा लाख लोकसंख्येमागे एकाहूनही कमी आहेत. जे आहेत त्यांची मूत्रपिंडं आणि यकृत घेतलं जातं, स्वादुपिंड मात्र बहुतेक वेळा वापराविना जातं.

सुरुवात दोन गटांपासून करावी असं मला वाटतं. पहिला गट जुनाट स्वादुपिंडदाहाचा. हा आजार केरळात फार, आपल्याकडेही आहे. असह्य वेदनेमुळे ज्यांचं स्वादुपिंड काढावंच लागतं, त्यांचे स्वतःचेच आयलेट सुटे करून त्यांच्याच यकृतात सोडता येतात. मिनेसोटात 1977 पासून हे होत आलं आहे. पेशी स्वतःच्या असल्याने प्रतिकारशक्ती दाबावी लागत नाही, दात्याची वाट पाहावी लागत नाही, आणि विकर नेमकं कधी थांबवायचं हे ओळखणारी नजर इथल्या तंत्रज्ञांना या कामातूनच मिळेल. दुसरा गट मूत्रपिंड प्रत्यारोपण झालेल्या टाइप 1 रुग्णांचा. मुंबई-पुण्यात असे रुग्ण आहेत. टॅक्रोलिमस ते रोज घेतच आहेत, त्याची जोखीम आणि खर्च त्यांनी आधीच उचलला आहे. त्यांच्या बाबतीत प्रश्न उरतो एवढाच की दात्याचं जे स्वादुपिंड आज वाया जातं, त्यातले आयलेट त्यांना द्यायचे का. द्यायचे असतील तर विभागीय प्रत्यारोपण समित्यांच्या प्रतीक्षायाद्यांत आयलेटसाठी वेगळा रकाना हवा, आणि त्या रकान्यात पहिली नोंद "गेल्या वर्षभरात रुग्ण किती वेळा बेशुद्ध पडला" याची हवी.